पाकालचा मुखवटा : कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

वाचनालयाच्या उन्हाळी प्रदर्शनाची बैठक झाली. विषय ‘मुखवटे’. मी पोचेपर्यंत बोहाडा, दशावतार, कथकली सगळे वाटून झाले होते. उरलं होतं ‘परदेशी काहीतरी’. तेच घेतलं, आणि घरी येईपर्यंत ठरलंही की पाकालचा मुखवटा करायचा. मेक्सिकोच्या चियापास राज्यातलं पालेंके, तिथला माया संस्कृतीतला राजा, मृत्यू इ.स. ६८३. तीनशेहून जास्त हिरव्या तुकड्यांचा चेहरा, डोळे शिंपल्याचे, बुबुळं ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची.

करायचंय ते असं : खऱ्या मापाचा एक मुखवटा, तीन फलक, आणि उद्घाटनाच्या दिवशी वीस मिनिटं बोलायचं. मुदत गुढीपाडव्याची. मदतीला ओंकार, माझा भाचा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हातात हत्यार दिलं की खूश असतो.

पहिल्या फलकाला तात्पुरतं नाव दिलंय, ‘माया राजाचे दागिने’.

५ फेब्रुवारी, बुधवार

शोधाची हकिकत पुन्हा नीट वाचली. बोलायला सुरुवात इथूनच करावी.

पालेंकेच्या ‘शिलालेखांच्या मंदिरा’त पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रूस काम करत होते. १९४० च्या दशकाचा शेवट. गाभाऱ्याच्या फरशीतल्या एका मोठ्या लादीला भोकं होती आणि भोकांत दगडी बुचं बसवलेली. ज्याला लादी पुन्हा कधी उचलायचीच नाही, तो तिला भोकं कशाला पाडेल? लादी उचलली तर खाली जिना, आणि तो वरपासून खालपर्यंत दगडमातीने मुद्दाम भरून टाकलेला. तो उपसायला चार हंगाम गेले. जून १९५२ मध्ये, मंदिराच्या फरशीपासून सुमारे २५ मीटर खाली, दालन सापडलं. आत दगडी शवपेटी, तिच्यावर ३.८ मीटर लांबीचं एकसंध कोरीव झाकण. ते नोव्हेंबरात गाड्यांचे जॅक आणि लाकडाचे ओंडके लावून उचललं.

आत राजा होता आणि त्याच्या अंगावर जेड, म्हणजे मुखवट्यातला तोच हिरवा दगड. रूस यांच्या वर्णनातून टिपून ठेवते : कपाळावर पट्टा, दोन्ही कानांत फुलासारखी कर्णभूषणं, गळ्यात मण्यांची माळ, छातीभर पसरलेली नळीच्या मण्यांची रुंद झालर, दोन्ही मनगटांवर दोनदोनशे मण्यांची कडी, दहाही बोटांत अंगठ्या. एका मुठीत जेडचा घन, दुसऱ्या मुठीत गोळा. तोंडात एक मणी.

मुखवटा मात्र चेहऱ्यावर अखंड नव्हता. खालचं सगळं कुजून गेल्यावर तुकडे घसरून बाजूला सांडले होते.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी माहीतच नव्हती. शवपेटीपासून निघून जिन्याच्या कडेकडेने वर मंदिराच्या फरशीपर्यंत जाणारी एक पोकळ दगडी नळी आहे. अख्खा जिना बुजवला, पण नळी मोकळी ठेवली. खालचा राजा आणि वरची माणसं यांच्यातला तो मार्ग असावा असं रूस यांचं मत होतं. ओंकार म्हणाला, “मावशी, इंटरकॉम.” त्याला हसले खरी, पण फलकावर सोप्या शब्दांत सांगायचं तर याहून बरं काय लिहिणार?

९ फेब्रुवारी, रविवार

आज नुसती शब्दांशी झटापट. एक ओळ लिहून झाली नाही.

जेडला मराठीत काय म्हणायचं? ‘हरिताश्म’ हा शब्द दिसतो, पण वाचनालयात येणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही तो कळणार नाही. ‘पाचू’ तर साफ चूक, तो वेगळा दगड. शेवटी ‘जेड’च ठेवायचं ठरवलं. पण हा शब्दही माया लोकांचा नाही. स्पॅनिश लोकांनी त्याला ‘पिएद्रा दे इहादा’, म्हणजे कुशीचा दगड म्हटलं, कारण तो कुशीवर धरला की मूत्रपिंडाचं दुखणं जातं अशी समजूत होती. त्याचं होत होत ‘जेड’ झालं. ज्या दगडाला एका संस्कृतीने जीव लावला, त्याला जगात नाव मिळालं मुतखड्याच्या औषधाचं.

त्यात ‘जेड’ या एका नावाखाली दोन खनिजं येतात. चीनचं जुनं जेड म्हणजे नेफ्राइट. जेडाइट वेगळं, हा फरक १८६३ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ दामूर यांनी दाखवला. माया लोकांचं ते जेडाइट. येतं ग्वाटेमालाच्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यातून. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासतात. जेडाइट तयार व्हायला प्रचंड दाब लागतो, पण उष्णता त्या मानाने कमी, आणि असा योग पृथ्वीवर फार थोड्या जागी जुळून येतो. पालेंकेच्या आसपास त्याचा खडाही नाही. सगळं जेड माणसांच्या पाठीवरून किंवा होड्यांतून आलं. ओझ्याची जनावरं त्यांच्याकडे नव्हतीच.

दुसरा शब्द ‘याश’. माया भाषांत हिरवा आणि निळा या दोन्हींना हा एकच शब्द आहे, आणि त्याचाच आणखी अर्थ ‘पहिला’, ‘नवा’. आपल्याकडेही कोवळ्या फळाला ‘अजून हिरवं आहे’ म्हणतात, पण आपण ते जरा नापसंतीनेच म्हणतो. त्यांच्याकडे त्या रंगात मक्याचा कोंब, पाणी, नवी पालवी सगळं होतं. आपण ‘हिरवा दगड’ लिहिलं की यातलं काय उरतं? रंग तेवढा उरतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग. माया लोकांनी जेड कापलं तेव्हा त्यांच्याकडे धातूचं हत्यार नव्हतं. दोरा, ओली वाळू आणि वेळ, एवढंच. वाचायला सोपं वाटतं, म्हणून करून पाहायचं ठरवलं.

जेडाइटचा काठिण्यांक साडेसहा ते सात. प्रवरेच्या पात्रातून आणलेली गारगोटी सातची, म्हणजे बरोबरीची. दोर घायपाताचा घेतला, बाजारात सहज मिळाला. घायपात मूळची मेक्सिकोकडचीच, हे ओंकारला सांगितल्यावर त्याने दोराकडे जरा आदराने पाहिलं. गारगोटी लाकडी शिकंजात घट्ट बसवली, वर ओली चाळलेली वाळू, आणि दोघांनी दोन टोकं धरून ओढायला सुरुवात केली. त्याने ओढायचं, मी सोडायचं. मी ओढायचं, त्याने सोडायचं.

पहिल्या अर्ध्या तासात दोर तुटला. दुसरा चाळीस मिनिटं टिकला. दर चार-पाच मिनिटांनी वाळू बदलावी लागते, तिचं पीठ होतं. दोन तासांनी दगड पुसून पाहिला तर एक चमकदार रेघ. खाच नाही, रेघच. नखाला जेमतेम लागते.

आई ओटीवरून बघत होती. म्हणाली, “यापेक्षा जात्यावर दोन पायल्या दळल्या असत्यात तर उपयोग झाला असता.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री पुन्हा एक तास. ओंकारने व्हर्नियरने मोजलं. तिन्ही तास मिळून अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

मग त्याने व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली. ती कार्बोरंडमची, खूपच कडक. अर्ध्या तासात परवाच्या दुप्पट काम झालं. पण ही फसवणूक आहे, तेव्हा ती प्रयोगाच्या हिशोबात धरायची नाही, असं दोघांनी ठरवलं.

भोक पाडायलाही हीच युक्ती. पोकळ बोरूसारखी वेताची नळी, खाली वाळू-पाणी, आणि नळी फिरवत राहायची. नळी गोल चर पाडते आणि मधला दांडा अखंड निघतो, तो पुन्हा मण्याला वापरता येतो. कर्णभूषणांची मधली भोकं अशीच पाडलेली आहेत. दुसरी गोष्ट चिवटपणाची. जेडाइटचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे गारगोटीसारखा तो हातोडीच्या घावाने फुटत नाही. आपली गारगोटी नुसती कडक आहे. जेड कडकही आहे आणि चिवटही. तरीही कापला, तोही पाकालच्या कितीतरी शतकं आधीपासून. मेक्सिकोतले त्याहून जुने ओल्मेक लोक ख्रिस्तपूर्व काळात हे करत होते, आणि त्यांचे काही जिन्नस पुढे शेकडो वर्षांनी माया लोकांकडे पुन्हा कोरलेले सापडतात. इतकी मेहनत पोटात असलेला दगड कोण फेकून देईल?

आता माझ्या डोक्यात पाकालच्या मनगटावरचे चारशे मणी फिरतायत. प्रत्येकाला आरपार भोक.

गारगोटी टेबलावर ठेवली आहे, रेघेसकट. प्रदर्शनात मुखवट्याशेजारी ती ठेवायची आणि लोकांना नखाने चाचपू द्यायची.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुखवट्यासाठी दगड. आधी बाटलीची हिरवी काच फोडून पाहिली होती. ती आरपार दिसते, चेहरा सरबतासारखा होतो. बाद.

बायपासवरच्या मार्बलवाल्याकडे गेलो. ओट्यासाठी लोक हिरवा मार्बल नेतात, त्याचे कातरण कोपऱ्यात ढिगाने पडलं होतं. “न्या ताई, फुकट न्या, मला तो ढीग उचलायचाच आहे.” गोणीभर आणलं. राजस्थानचा हा ‘ग्रीन मार्बल’ खरं तर संगमरवर नाहीच, तो सर्पेंटाइन. जेडाइटपेक्षा बराच मऊ. कापताना ओला करूनच कापायचा, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. ओंकारला दोनदा बजावलं.

सर्पेंटाइन वापरायची आधी थोडी लाज वाटत होती. मग आठवलं, माया थडग्यांतल्या सगळ्या ‘जेड’च्या वस्तू जेडाइटच्या नाहीत. जेड नसेल तिथे ते दुसरे हिरवे दगड घेत. पालेंकेतच, पाकालच्या मंदिराला लागून असलेल्या तेराव्या मंदिरात, १९९४ मध्ये एका राणीचं थडगं सापडलं. तिचा मुखवटा मॅलाकाइटचा, म्हणजे दुसऱ्याच एका हिरव्या दगडाचा आहे. ती बहुधा पाकालची पत्नी इश त्साकबू अहाव. राजाच्या बायकोला जेड परवडलं नाही असं कुणी म्हणणार नाही. दगडाची जात कुठली ते एकवेळ चालवून घेत, पण तो हिरवा हवाच.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुट्टी होती. साच्याचं काम उरकलं.

ओंकारच्या चेहऱ्याला व्हॅसलीन, भुवयांना जास्तच, वर प्लास्टरच्या पट्ट्या, नाकपुड्यांत दोन स्ट्रॉ. वीस मिनिटं तो स्ट्रॉमधून श्वास घेत पडून होता. मधे मी चहा ठेवायला आत गेले तर घशातून हुंकार देऊन बोलावलं. पट्टी कडक होताना गरम होते हे मी त्याला आधी सांगायला विसरले होते. भुवया वाचल्या, थोड्या.

साचा चांगला आला, पण तो ओंकारचा चेहरा आहे, पाकालचा नाही. शवपेटीखाली चुन्याच्या गिलाव्याची दोन मस्तकं ठेवलेली होती, त्यांतलं एक पाकालचं तरुणपणचं मानतात. त्याचे फोटो समोर ठेवून शाडूने भर घातली. नाक थेट कपाळाच्या मध्यापासून सुरू होतं. कपाळ मागे उतरतं, लहानपणी डोकं फळ्यांत बांधून तसा आकार देत असत. ओठ जाड, खालचा थोडा लोंबता. संध्याकाळपर्यंत ओंकारचं नामोनिशाण राहिलं नाही.

२ मार्च, रविवार

दुसऱ्या फलकाचा मजकूर, ‘तोंडातला मणी’. लिहिता लिहिता पहिल्या फलकाचं नाव खोटं पडलं.

दिएगो दे लांदा, सोळाव्या शतकातले मेक्सिकोतल्या युकातानचे स्पॅनिश बिशप. माया पोथ्या जाळल्या त्यांनीच, आणि माया चालीरीतींबद्दल सगळ्यात जास्त लिहूनही ठेवलं त्यांनीच. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मृताच्या तोंडात दळलेला मका भरत, आणि सोबत ते नाण्यासारखे वापरत असलेले काही दगड. पुढच्या जन्मात उपाशी राहू नये म्हणून. दुसरा उल्लेख त्याच शतकातले स्पॅनिश धर्मगुरू लास कासास यांचा, ग्वाटेमालाच्या पोकोम माया लोकांचा. त्यांच्याकडे राजा मरणाला टेकला की त्याच्या तोंडाशी एक मौल्यवान दगड धरत. जाणारा श्वास त्या दगडात यावा म्हणून.

म्हणजे एकजण म्हणतो शिदोरी, दुसरा म्हणतो श्वास. आणि माया शिल्पांत तर माणसांच्या नाकासमोर एक छोटा मणी किंवा फूल तरंगताना दिसतं, तोच त्यांचा श्वास. कानातल्या फुलांतूनही श्वास बाहेर पडताना कोरलेला असतो. वाऱ्याचं आणि श्वासाचं चिन्ह ‘इक’, इंग्रजी टी अक्षरासारखं. पाकालच्या मुखवट्याच्या ओठांमध्येच या आकाराचा एक छोटा तुकडा आहे. २०१५ मध्ये बेलीझमधल्या निम ली पुनित इथे एक मोठं जेडचं पदक सापडलं, सुमारे १९ सेंटिमीटर रुंद. तेही याच आकाराचं, मागे तीस चित्राक्षरं.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आपल्याकडेही तोंडात सोन्याचा कण घालतात, तुळशीपत्र घालतात. तसंच ना?”

मी पटकन ‘हो’ म्हणून फलकावर तशी ओळ लिहून टाकली. रात्री खोडली. तसं नाही. आपल्याकडचा सोन्याचा कण जाणाऱ्याची सोय आहे, आणि तो चितेत जातो. इथे मणी माणसाबरोबर राहतो, त्याच्या बदल्यात राहतो. मका पेरतात तसं मेलेल्याला जमिनीत ठेवायचं, तोंडात श्वास ठेवायचा, अंगावर हिरवं चढवायचं. शवपेटीच्या झाकणावर पाकालने नेसलेला जाळीचा घागरा जेडच्या मण्यांचा आहे, आणि तो पोशाख मक्याच्या देवाचा.

एक मणी गरिबाच्या तोंडातही सापडतो, हे विसरायला नको. माया लोक मृतांना बहुधा घराच्या जमिनीखालीच पुरत. साध्या घरांतल्या अशा दफनांतही कधीकधी तोंडात एक लहानसा हिरवा मणी मिळतो, कडं नाही, माळ नाही, एकच मणी. घरात एकच असेल तर तो कुठे ठेवायचा, हे त्यांच्यात ठरलेलं होतं.

‘दागिने’ शब्द खोडला. त्याजागी काय, ते अजून सुचलेलं नाही.

९ मार्च, रविवार

तुकडे कापून झाले. ३१२ मोजले. गाल आणि कपाळाला मोठे, नाकाच्या कडेला बारीक. चिकटवायला अराल्डाइट.

कपाळापासून सुरुवात केली आणि तिथेच चुकलं. वरून खाली येताना प्रत्येक फटीत अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढत गेला, आणि ओठांपर्यंत पोचेपर्यंत हनुवटीला जागाच उरली नाही. पाकालला हनुवटी नाही. ओंकार म्हणाला राहू दे, कोण मोजतंय. मी सगळे उखडले. रात्री बारापर्यंत गरम पाण्यात सुरीने खरवडत बसलो होतो. अकरा तुकडे फुटले.

खऱ्या मुखवट्याचीही जुळणी एकदाच झालेली नाही. सापडल्यावर केलेली आधीची जुळणी २००१ नंतर सोडवून लॉरा फिलॉय नदाल आणि सोफिया मार्तिनेस देल काम्पो यांच्या गटाने तुकडान् तुकडा तपासून तो पुन्हा जुळवला. आज संग्रहालयात दिसणारा चेहरा त्या दुसऱ्या जुळणीतला आहे. जुन्या पुस्तकांतले फोटो शेजारी ठेवले तर चक्क दुसरा माणूस वाटतो. मी जुन्याच फोटोवरून नाकाची रेघ घेतली होती! तीही दुरुस्त करायची.

आता नाक आणि डोळ्यांपासून सुरुवात, मग बाहेर. आधी सगळे कोरडेच मांडायचे, मग चिकटवायचे.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

गल्लीत रंग चाललाय आणि मी घरात लाल रंगाच्याच विचारात.

पाकालची शवपेटी आतून लाल होती, हिंगूळ लावलेला. तेराव्या मंदिरातली राणी तर इतकी हिंगुळाने माखलेली होती की तिचं नावच ‘लाल राणी’ पडलं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, विषारी. तो प्रदर्शनात आणायचा प्रश्नच नाही. गेरू घेतला, पण तपकिरी दिसतो. गेरूत थोडा शेंदरी पोस्टर रंग मिसळल्यावर जवळ आला. मुखवट्याखालच्या पाटाला तो दिला. हिरवं लालावर ठेवलं आणि पहिल्यांदा वाटलं, हां, आता ते थडग्यातलं वाटतंय. आतापर्यंत ते ओट्याच्या दुकानातलं वाटत होतं.

१६ मार्च, रविवार

तिसरा फलक आणि भाषण. शेजारच्या काकांनी मुखवटा बघितला आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, “हा तोच ना, रॉकेटमध्ये बसलेला?”

झाकणावरचं शिल्प आडवं धरलं की यानाच्या नळ्या आणि पेडल दिसतात, असं सांगणारे बरेच आहेत. आता हे भाषणात घ्यायचं की नाही, यावर बराच वेळ घालवला. घ्यायचं, पण दोन मिनिटांत आटपायचं : झाकण उभं धरा, राजा पाताळाच्या हाडकुळ्या जबड्याच्या तोंडाशी आहे, त्याच्या मागून विश्ववृक्ष वर गेलाय, वृक्षाच्या टोकाला पक्षी. अंगावर मक्याच्या देवाचा घागरा. काकांना फोटो उभा धरून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, म्हणाले, “तरी पण पेडलसारखं दिसतंच.” दिसतं खरं.

वयाचा वाद गाळला. सांगाड्याच्या पहिल्या तपासणीत वय चाळीस-पन्नास ठरवलं होतं, शिलालेख सांगतात जन्म ६०३, म्हणजे ऐंशी. पुढच्या तपासण्या शिलालेखांच्या बाजूने झुकतात. रंजक आहे, पण जेडशी संबंध नाही. बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८ वर्षं राज्य केलं, एवढं एक वाक्य पुरे.

चोरी मात्र ठेवली. २४ डिसेंबर १९८५ च्या रात्री, सगळे नाताळात असताना, मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयातून शंभराहून जास्त वस्तू गेल्या, त्यांत हा मुखवटाही. चोर कुणी आंतरराष्ट्रीय टोळी नव्हती, पशुवैद्यकाचं शिक्षण अर्धवट सोडलेली दोन पोरं होती. १९८९ मध्ये बहुतेक माल परत मिळाला. इतक्या ओळखीच्या चेहऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

आणि बेर्नाल दियास. तो माया नाही, थडग्यातलाही नाही, मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या फौजेतला स्पॅनिश शिपाई. १५२० मध्ये अॅझ्टेक राजधानीतून रात्री पळताना बाकीच्यांनी सोनं अंगावर लादलं, आणि कित्येकजण त्या ओझ्यानेच पाण्यात बुडाले. याने चार हिरवे दगड चिलखताखाली खुपसले, आणि पुढे जखमांच्या उपचाराला आणि पोटाला तेच कामी आले. बाहेरून आलेल्या माणसालाही तिथला भाव लगेच कळला होता.

२३ मार्च, रविवार

डोळे. शिंपला कोकणातून ताईने पाठवलेला, घासून बदामाच्या आकाराचा केला. ऑब्सिडियन कुठून आणणार? काळ्या बांगडीचे तुकडे वितळवून पाहिले, बुडबुडे आले. शेवटी काळी ग्रॅनाइटची गोल चकती, पॉलिश करून. चालेल.

बुबुळ बसवलं आणि आम्ही दोघंही जरा मागे सरकलो. आतापर्यंत ती फरशी होती.

फलकाचं नाव मिळालं. ओंकारनेच दिलं, कंटाळून. “मावशी, तू सारखं म्हणतेस ना श्वास श्वास, मग तेच लिही.” ‘श्वासाचा दगड’. कुशीच्या दगडापेक्षा नक्कीच बरं. खाली लहान अक्षरांत : माया राजांच्या थडग्यांतलं जेड.

‘आल्तुन हा’ या माया स्थळी मिळालेल्या शिराबद्दल चार ओळी वाढवल्या. बेलीझमध्ये १९६८ साली एका म्हाताऱ्या पुरुषाच्या थडग्यात सापडलेलं सूर्यदेवाचं डोकं, एकाच दगडात कोरलेलं, वजन ४.४२ किलो. दोन तासांची आमची ती रेघ आठवून हा आकडा वाचला की पोटात गोळा येतो.

२९ मार्च, शनिवार

मुखवटा पाटावर बसवायचा दिवस. मागची बाजू पोकळ आहे, ती प्लायवूडने बंद करायची.

बंद करायच्या आधी एक काम राहिलं होतं. सर्पेंटाइनच्या उरलेल्या कातरणातून मी एक मणी घासून ठेवला होता, वाटाण्याएवढा, भोक पाडलेला. तेही ड्रिलने नाही, बोरू आणि वाळूने. मऊ दगड म्हणून पाच संध्याकाळीत झालं. तो मुखवट्याच्या तोंडामागे टाकला.

ओंकार म्हणाला, “हा दिसणार कुणाला?”

“पाकालचाही दिसत नव्हता.”

त्याने खांदे उडवले आणि स्क्रू आवळले. सहा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, अकराला उद्घाटन. भाषण वीसऐवजी एकतीस मिनिटं झालं, तिसऱ्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. रॉकेटचा प्रश्न आलाच, दोनदा. गारगोटीवरची रेघ चाचपायला मुलांची रांग लागली, मुखवट्यापेक्षाही मोठी. एका मुलीने विचारलं, वाळू दगडाला कापते तर वाळू स्वतः का संपत नाही? संपते, म्हटलं, म्हणून तर सारखी नवी घालायची.

२ एप्रिल, बुधवार

वाचनालयातून फोन. मुखवटा दुसऱ्या भिंतीवर हलवताना डाव्या गालाचा एक तुकडा निखळला. संध्याकाळी जाऊन चिकटवला.

तिथला शिपाई काळजीत होता. “मॅडम, आत काहीतरी सुटलंय. हलवलं की खुळखुळतं. मागचं झाकण उघडून बघू का?”

नको, म्हटलं. खुळखुळू दे.